मापवालीची शिट्टी

बाजारात तोंडावर तिला सगळे 'बाई' म्हणायचे आणि पाठ वळली की 'मापवाली'. वजनमापं तपासणाऱ्या सरकारी कचेरीत ती निरीक्षक होती. प्रत्यक्ष बाजारात उतरून तराजू तपासणारी त्या खात्यातली पहिलीच बाई. एका हातात पितळी वजनांची पेटी, पर्समध्ये पोलादी टेप. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की तिची वर्दी तिच्या आधी शेवटच्या दुकानापर्यंत पोचायची आणि पारड्यांखाली चिकटवलेले मेणाचे गोळे पटापट निघायचे.

एकदा एक दुकानदार काकुळतीला आला. "बाई, चार ग्रॅमनं काय होतं? माशी बसली तरी तेवढा फरक पडतो."

"मग ती माशी कधी गिऱ्हाइकाच्या बाजूनं का बसत नाही हो?" तिनं विचारलं आणि वहीतून नोटीस फाडून त्याच्या हातात दिली.

तर अशी ही बाई. वय चौतीस, घरी नवरा आणि सासू. नवऱ्याचं बाजारपेठेत चार खुर्च्यांचं सलून होतं. माणूस अबोल, हात हलका, आणि 'खुर्चीत ऐकलेलं खुर्चीत राहतं' हा त्याचा नियम. त्याची सगळी कसर सासूबाई भरून काढायच्या. त्यांना दर गोष्टीवर मत होतं आणि ते मत शेजारच्या घरातही ऐकू जायचं.

मापवालीला एकच छंद होता, नेटबॉल. शाळेत असताना मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिकेनं, तो खेळ शिकवला होता. बास्केटबॉलची धाकटी बहीण म्हणा, पण स्वभाव अगदी निराळा. दोन्हीकडे सात-सात जणी, प्रत्येकीच्या अंगावर तिच्या जागेचं अक्षर, आणि जिनंतिनं आपापल्या हद्दीत राहायचं. चेंडू हातात आला की पळायचं नाही, आपटत न्यायचा नाही, तीन सेकंदांच्या आत पुढे द्यायचा. चेंडूवालीच्या समोर उभं राहायचं तर तीन फूट लांबून. अंगाला अंग लावायचं नाही. गोलाच्या रिंगमागे फळी नसते, त्यामुळे नेम चुकला की चुकला, टेकू द्यायला काही नाही. मापवाली दहा वर्षं झकास खेळली. मग उजव्या गुडघ्यानं संप पुकारला आणि ती बघ्यांच्या बाकावर येऊन बसली.

त्या काळी शहरात बायकांचे नऊ संघ होते. नर्सांचा, टेलिफोन कचेरीचा, सूतगिरणीचा, मोठ्या लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवाल्यांचा, असे. पण शिट्टी मात्र पुरुषांच्या गळ्यात. ज्याला रविवारी दुसरं काम नसेल त्याला धरून आणायचे. बहुतेक वेळा ते काम एका फुटबॉलच्या मास्तरांकडे यायचं. मास्तर मैदानाच्या मधोमध उभे राहायचे आणि एखादी पडली तरच शिट्टी फुंकायचे. बाकी सगळं राम भरोसे.

अशाच एका रविवारी दुपारी नर्सा आणि लॉन्ड्रीवाल्या भिडल्या. खेळ कसला, झुंबड होती ती. कोणी चेंडू घेऊन पाच पावलं पळत होती, कोणी कोपरानं वाट काढत होती. मास्तर कौतुकानं बघत होते. तिसऱ्या डावात एका तरुण नर्सेला मागून धक्का बसला, ती हातावर पडली आणि मनगट मोडल्याचा आवाज बाकापर्यंत आला.

मापवाली उठली ती थेट मैदानात. आधी तिनं त्या नर्सेचा हात आपल्या ओढणीत बांधून दिला, तिला दोघींबरोबर दवाखान्यात धाडलं. मग पर्समधून टेप काढली आणि सगळ्यांच्या देखत रिंग मोजली. इकडची नऊ फूट सात इंच. तिकडची नऊ फूट दहा.

"मास्तर, रिंग दहा फुटांवर हवी. इथे दोन टोकांना दोन उंच्या आहेत."

मास्तर हसले. "बाई, नाचता येईना अंगण वाकडं. हरणाऱ्यांना रिंग नेहमीच उंच वाटते."

"मी हरणाऱ्यांतली नाही, मोजणाऱ्यांतली आहे. आणि ही तर ठेंगणी आहे."

लोक फिदीफिदी हसले. मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्यासमोर धरली. "एवढं कळतंय तर तुम्हीच वाजवा की!"

त्यांना वाटलं, बाई ओशाळेल, दोन शब्द पुटपुटेल आणि जागेवर जाऊन बसेल. बाईनं शिट्टी घेतली, रुमालानं स्वच्छ पुसली, गळ्यात अडकवली आणि म्हणाली, "आधी खांब सरळ करा. मग सुरू करू."

त्या दिवशी तिनं पंधरा मिनिटांत अडतीस शिट्ट्या वाजवल्या. पाऊल सरकलं, शिट्टी. चेंडू साडेतीन सेकंद राहिला, शिट्टी. दोन फूट दहा इंचांवरून हात वर केला, शिट्टी. "मालगाडी आली, मालगाडी!" असं बाहेरून पोरीबाळी ओरडायला लागल्या. शेवटी दोन्ही संघ इतके वैतागले की जिंकलेल्यांनाही जिंकल्याचं सुख नव्हतं.

सामना संपल्यावर मोठ्या बाई काठी टेकत आल्या. तेव्हा त्या सत्तरीला पोचल्या होत्या.

"सगळ्या शिट्ट्या बरोबर होत्या," त्या म्हणाल्या.

मापवालीला हुरूप आला. "मग बाई?"

"मग खेळ कधी झाला?" मोठ्या बाई बाकावर टेकल्या. "अगं, तू दुकान तपासत होतीस. चूक झाली की पकडायची, एवढंच. नुकसान कुणाचं झालं ते बघतेस का? जिला धक्का बसला तिच्याच हातात चेंडू आहे, समोर रिंग मोकळी आहे, आणि तू शिट्टी फुंकून तिलाच थांबवतेस. म्हणजे एकदा धक्का तिनं खाल्ला आणि दुसरा तू दिलास."

हे मापवालीच्या पचनी पडायला फार दिवस गेले. चूक दिसली आणि हात आवरायचा, हे तिच्या खात्यात कोणी शिकवलं नव्हतं. पण ती हट्टाला पेटली. रोज पहाटे कचेरीत जायच्या आधी मैदानावर जाऊन रेषेच्या बाहेरून आडवं पळायचं, नजर आत आणि पाय बाहेर. घरात वऱ्हांड्यातही तेच. सासूबाई भाजी निवडता निवडता बघायच्या.

"चांगली माणसासारखी सून करून आणली होती," त्या शेजारणीला सांगायच्या, "तिचा खेकडा झाला."

दोन वर्षांत शिट्ट्या अडतिसावरून बारावर आल्या. खेळाडूंच्या लक्षात यायला लागलं की या बाईला सगळं दिसतं, आणि जे दिसतं त्यातलं काय सोडायचं हेही कळतं. ती हात पुढे करून "चालू द्या!" म्हणाली की दंगा करणारी लगेच वरमायची. पकडली गेलोय हे तिला कळलेलं असायचं. मग संघच अडून बसायला लागले, पंच म्हणून मापवाली हवी, नाहीतर आम्ही उतरत नाही.

पण एक बाई नऊ संघांना कुठे पुरणार? तिनं ठरवलं, पंच तयार करायचे. त्यासाठी संघटना हवी, संघटनेला घटना हवी, आणि नियम सगळ्यांना कळतील अशा भाषेत हवेत. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत नऊ संघांच्या नऊ जणी दर गुरुवारी संध्याकाळी जमायला लागल्या. नियमांचं परदेशी पुस्तक मध्ये ठेवायचं आणि एकेक कलम आपल्या भाषेत आणायचं. एका कलमावर तर गाडी दोन आठवडे अडली. एक पाय रोवून दुसऱ्या पायानं त्याच्याभोवती फिरायचं, याला म्हणायचं काय? टेलिफोनवालीनं चार जड शब्द सुचवले, ते उच्चारतानाच जीभ अडखळायची.

आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, खुंटा म्हणा की! एक पाय खुंटा, दुसरा पाय वासरू. वासरू हवं तेवढं फिरेल, खुंटा उपटला की दंड!"

नऊ जणी हसत सुटल्या, आणि पुस्तकात 'खुंट्याचा पाय' असंच छापलं गेलं. पुढे खेळाडू मुली एकमेकींना 'खुंटा सांभाळ गं!' असं ओरडायला लागल्या, तेव्हा सासूबाईंचा ऊर भरून आला. त्यांनी जाहीर केलं की आता आपण मैदानावर येणार, आणि वेळ मोजायचं काम आपलं. "या घरात पन्नास वर्षं दूध उतू जाऊ दिलं नाही मी. घड्याळ मला शिकवायला नको." आणि खरंच, त्यांच्यासारखी वेळनिरीक्षक पुन्हा मिळाली नाही. त्यांची घंटा झाली की चेंडू हवेत असो की हातात, कुणाची बिशाद नव्हती हुज्जत घालायची.

आठ-दहा वर्षं अशी गेली. नऊ संघांचे एकतीस झाले. मापवाली संघटनेची सचिव, पंचांची शिक्षिका आणि मुख्य पंच, तिन्ही कामं एका डोक्यावर. कचेरीतली नोकरी वेगळीच. तिच्या हाताखाली तयार झालेल्यांत दोघी नाव काढण्यासारख्या होत्या. एक ती मनगट मोडलेली नर्स. हात बरा झाल्यावर तिनं खेळायचं सोडलं आणि शिट्टी धरली. डोकं बर्फासारखं थंड. दुसरी लॉन्ड्रीवाली, वाफेच्या इस्त्रीवर आठ तास उभी राहणारी, खणखणीत आवाजाची. त्या दिवशी नर्सेला मागून धक्का मारणारी तीच होती. हे तिनं स्वतः पहिल्या वर्गात उठून सांगितलं, आणि नर्स म्हणाली, "ठाऊक आहे. बस खाली." तिथून दोघींची गट्टी जमली.

मग शहरात बंदिस्त क्रीडागृह उभं राहिलं. लाकडी जमीन, वर दिवे, तीन हजार खुर्च्या. मापवालीनं नेटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी अर्ज केला. क्रीडा मंडळानं तिला बोलावून घेतलं.

मंडळाचे अध्यक्ष काचेच्या बरण्यांच्या कारखान्याचे मालक होते. बोलणं इतकं गोड की माणसाला नकार मिळाल्याचं घरी गेल्यावर कळायचं.

"या, बसा बाई. तुमचं काम आम्ही ऐकून आहोत. क्रीडागृह तुम्हाला देणार म्हणजे देणारच. फक्त एक छोटी गोष्ट. इथे जे सामने होतील त्यांचे पंच मंडळाच्या यादीतले असावेत, असा आपला नियम आहे."

"यादीत किती नावं आहेत?"

"बावीस."

"बायका किती?"

अध्यक्षांनी यादी उगाच चाळल्यासारखी केली. "सध्या नाहीत. पण सगळे अनुभवी आहेत हं."

"नेटबॉलचा अनुभव?"

"खेळ म्हटला की खेळ, बाई. पळसाला पानं तीनच."

"आणि नेटबॉलच्या संघाला माणसं सात," मापवाली म्हणाली. "मला जरा विचार करू द्या."

ती घरी आली ती धुमसतच. नवऱ्याला सगळं सांगितलं. अध्यक्ष दर शनिवारी त्याच्याच खुर्चीत दाढीला बसायचे, हे तिला ठाऊक होतं. "अहो, तुमच्या कानावर काहीतरी आलंच असेल."

"खुर्चीत ऐकलेलं..."

"...खुर्चीत राहतं. ठाऊक आहे. बायको खड्ड्यात जाईना का!"

नवरा थोडा वेळ वस्तऱ्याच्या पट्ट्याला तेल लावत बसला. मग वर न बघता म्हणाला, "मी काही सांगितलेलं नाही. पण तुझ्या त्या नेटबॉलच्या जागतिक संघटनेचं पत्रक गेल्या आठवड्यात आलंय. तू ते नुसतं कपाटावर टाकलंस. चौथ्या पानापर्यंत वाचत जा जरा."

चौथ्या पानावर छापलं होतं, की जागतिक संघटनेची परीक्षक बाई या भागाच्या दौऱ्यावर येत आहे आणि नव्या क्रीडागृहाच्या उद्घाटनाचं आमंत्रण तिनं स्वीकारलं आहे. मापवालीनं ते दोनदा वाचलं. म्हणजे अध्यक्षांना त्या पाहुणीसमोर बायकांचा अंतिम सामना हवाच होता. अर्जाची गरज तिच्याइतकीच त्यांनाही होती.

दुसऱ्याच दिवशी ती मंडळात हजर. "अध्यक्षसाहेब, यादीचा नियम मला मान्य आहे. फक्त यादीत नाव परीक्षेनं यावं. ती पाहुणी येणारच आहे, तिच्याकडूनच परीक्षा घेऊ. तुमचे बावीस बसतील, माझ्या सहा जणी बसतील. जो पास होईल तो पंच."

"परीक्षा कशाला? सगळी जाणती माणसं आहेत."

"मग जाणत्यांना कसली धास्ती?"

अध्यक्षांच्या बाजूला बसलेल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. अध्यक्षांना हसून हो म्हणावं लागलं.

परीक्षा तीन भागांत होती. लेखी, प्रत्यक्ष सामना, आणि धाव. मैदानाची लांबी पन्नास वेळा, साडेआठ मिनिटांच्या आत. पंचाला खेळाबरोबर पळता आलं नाही तर त्याला दिसणार काय, असा त्यामागचा सरळ हिशेब. मापवाली तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती आणि गुडघा तोच जुना. पण तिच्या मनात पाल चुकचुकली नाही. रोज पळतेय, आजही पळेन, एवढंच तिला वाटत होतं.

परीक्षक बाई उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांची. हसायची नाही. लेखी परीक्षेनंतरच बावीसातले सतरा घरी गेले. दोघांनी तर आकृतीत रिंगमागे फळी काढली होती. मापवालीला शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मिळाले, पहिला नंबर. प्रत्यक्ष सामन्यात परीक्षक बाईनं वहीत काहीतरी लिहून खाली रेघ ओढली, आणि ती रेघ चांगली आहे हे मापवालीनं लांबूनच ओळखलं.

मग धाव झाली. तिसाव्या फेरीपर्यंत ती मस्त होती. पस्तिसाव्या वळणावर गुडघ्यात कळ आली, चाळिसाव्याला पाय टेकवेना. लॉन्ड्रीवाली शेजारच्या पट्ट्यातून "बाई, श्वास घ्या, श्वास!" असं ओरडून पुढे निघून गेली. मापवालीनं पन्नासच्या पन्नास फेऱ्या पुऱ्या केल्या. घड्याळात आठ मिनिटं एक्केचाळीस सेकंद झाले होते. अकरा सेकंद उशीर.

वेळ सासूबाईंकडेच होती. त्यांनी घड्याळ परीक्षक बाईंच्या हातात दिलं आणि सुनेसाठी पाणी आणायला गेल्या.

निकाल लागायच्या आधी अध्यक्ष मापवालीला बाजूच्या खोलीत घेऊन गेले. खोलीत घडीच्या खुर्च्यांची चळत होती. त्यांनी स्वतः एक खुर्ची उघडून दिली.

"बाई, अकरा सेकंदांचं काय घेऊन बसायचं? लेखीत तुम्ही पहिल्या. मी परीक्षकांशी बोलतो. तुमचं नाव यादीत घालू. त्याबरोबर आमचे चार जण आहेत, लेखीत थोडक्यात गेले बिचारे, त्यांचंही जुळवून घेऊ. तुम्हीही खूश, आम्हीही खूश."

तिनं गुडघा चोळणं थांबवलं. मनात मोह आला नाही असं कसं म्हणावं? बारा वर्षं जिच्यासाठी घासली ती अंतिम सामन्याची शिट्टी हाताशी होती. शिवाय ती खरंच चांगली पंच होती; हे तिला ठाऊक होतं, समोरच्या माणसालाही ठाऊक होतं. पण बाहेर तिच्या पाच जणी घाम पुसत उभ्या होत्या. त्यांतल्या दोघी पास झाल्या होत्या. मागच्या दारानं मापवाली आत शिरली तर त्या दोघी पुढच्या दारानं आल्या होत्या हे उद्या कोण मानणार?

"अध्यक्षसाहेब," ती उठली, "मला परीक्षा हवी होती. ती झाली. मी नापास झाले. तुमचे चारही नापास झाले. आता चला बाहेर, यादी वाचून दाखवू."

आणि यादी तिनंच वाचली. क्रीडागृहात दोनशे माणसं होती. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, बाजारात नोटीस वाचून दाखवताना असतो तसा. "पंच म्हणून उत्तीर्ण, तिघं. नर्सबाई. लॉन्ड्रीवाली. आणि टपाल खात्यातले एक गृहस्थ, यांनी नियम पाठ केलेत, यांचं अभिनंदन. अनुत्तीर्णांत पहिलं नाव माझं. धाव, अकरा सेकंद उशीर."

मग टपालवाल्या गृहस्थानं टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळं क्रीडागृह दणाणलं. परीक्षक बाई तेवढी हसली नाही. ती जवळ आली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी मी याच महिन्यात परत येणार आहे."

"मी इथेच असेन," मापवाली म्हणाली.

अंतिम सामना नर्सेनं आणि लॉन्ड्रीवालीनं केला. तीन हजार खुर्च्या भरल्या होत्या. मापवाली सासूबाईंच्या शेजारी टेबलाशी बसली होती, आणि सबंध सामनाभर तिचे पाय टेबलाखाली आडवे पळत होते. एकदा नर्सेनं शिट्टी तोंडाशी नेली आणि थांबली. हात पुढे केला, "चालू द्या!" गोल झाला. मापवालीनं सासूबाईंचा दंड इतका घट्ट धरला की त्या म्हणाल्या, "अगं, सोड, घंटा कोण वाजवणार?"

घरी आल्यावर मात्र ती रडली. नवरा शेजारी बसून राहिला. मग त्यानं विचारलं, "डॉक्टर की ओढा?"

"ओढा कशाला?"

"त्या टपालवाल्यानं गुडघा ओढ्याच्या पाण्यात चालून बरा केला म्हणे. आज खुर्चीत सांगत होता." मग स्वतःच दचकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं खुर्चीतली गोष्ट बाहेर काढली होती.

दोन्ही केलं. डॉक्टरानं मांडीचे व्यायाम दिले, ते तिनं एक दिवस चुकवले नाहीत. आणि रोज पहाटे गावाबाहेरच्या ओढ्यात मांडीभर पाण्यात ती चालायची. काठावर सासूबाई घड्याळ घेऊन. "अजून चार मिनिटं. तोंड कसलं करतेस, पाणी थंडच असतं." बाजारातले दुकानदार कुजबुजायचे, मापवाली आता नदीनाले मोजायला लागली. एकानं तर विचारलंच, "काय बाई, ओढा बरोबर भरतो का?" ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा बराच बरोबर."

वर्षभरानं परीक्षक बाई आली. मापवालीनं धाव आठ मिनिटं बावीस सेकंदांत संपवली. परीक्षक बाईनं घड्याळ बघितलं, वही बंद केली आणि पहिल्यांदा हसली. त्यानंतर तीन वर्षांनी जागतिक स्पर्धेसाठी पंचांची निवड झाली तेव्हा त्या देशातून दोन नावं गेली. एक लॉन्ड्रीवालीचं, दुसरं मापवालीचं. विमानात लॉन्ड्रीवालीला खिडकी हवी होती आणि मापवालीलाही. त्यावर दोघींची झकास जुंपली. शेवटी अर्धा प्रवास एकीनं, अर्धा दुसरीनं, घड्याळ लावून.

तिथे तिनं पाच सामने केले. तिसऱ्या जागेसाठीचा सामना बरोबरीत असताना, शेवटच्या काही सेकंदांत यजमान संघाच्या मुलीनं खुंट्याचा पाय उचलला. अर्ध्या इंचाचाच प्रश्न होता, आणि भोवती दहा हजार लोक त्यांच्याच बाजूचे. मापवालीनं शिट्टी वाजवली. हुर्यो उडाली, कागदाचे बोळे आले. ती जागची हलली नाही. चेंडू दुसऱ्या संघाला दिला आणि खेळ पुढे सुरू केला. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रात फोटो आला. उचललेला पाय स्पष्ट दिसत होता. तिनं ते कात्रण कापलंसुद्धा नाही. "मला कालच दिसलं होतं," ती लॉन्ड्रीवालीला म्हणाली.

पंचावन्नाव्या वर्षी तिनं स्वतःहून मोठ्या सामन्यांतून माघार घेतली. धाव अजून वेळेत व्हायची, पण एका सामन्यात एक धक्का तिला दिसला तो अर्धा क्षण उशिरानं, आणि ते तिचं तिला कळलं. सचिव म्हणून मात्र ती पुढे अकरा वर्षं राहिली. संघ एकशे चाळीस झाले, क्रीडा मंडळावर चार बायका आल्या, आणि यादीतल्या प्रत्येक पंचाची दरवर्षी परीक्षा हा नियम सगळ्या खेळांनी उचलला. फुटबॉलवाल्यांनी सगळ्यात शेवटी, कुरकुरत.

निवृत्तीनंतरही ती सामने बघायला जायची, तिकीट काढून, सर्वसामान्य खुर्चीत. अशाच एका शनिवारी तिच्या पुढच्या रांगेतला एक गृहस्थ सबंध सामनाभर पंचावर ओरडत होता. "आंधळी आहे का ही! काय दिसतंय हिला? उतरवा तिला!" शेजारी त्याची बायको अवघडून बसली होती.

तिसऱ्या डावाच्या शेवटी मापवालीनं त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"तुमची नजर चांगली दिसते. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता याच इमारतीत पंचांचा वर्ग असतो. या. शिकवणारी बाई जरा खणखणीत आवाजाची आहे, पण चांगली आहे. घाबरू नका."

गृहस्थ लाल झाला आणि उरलेला सामना त्यानं मुकाट्यानं बघितला.

गुरुवारी तो आला नाही. त्याची बायको आली. मागच्या बाकावर बसली, वही उघडली आणि पहिल्याच तासाला तिनं असे प्रश्न विचारले की लॉन्ड्रीवालीला पुस्तक उघडून बघावं लागलं. पहिल्या वर्षी ती धावेत नापास झाली, दुसऱ्या वर्षी लेखीत दोन गुणांनी. तिसऱ्या वर्षी पास झाली.